साठावा डाव

"काट," आत्या म्हणाली आणि पत्त्यांचा कॅट तिने माझ्यापुढे सरकवला.

मी काटला. दुपारचे दोन वाजले होते. पेणच्या तिच्या घरातलं जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलेलं होतं. माझ्यापुढे चाळीस कडवे वाल होते, तिच्यापुढे चाळीस. माझ्या उजव्या हाताशी वही आणि पेन, डाव्या मनगटावर घड्याळ. तिच्याजवळ पानाच्या डब्याशिवाय काही नव्हतं.

"परत एकदा सांग," ती म्हणाली. "मी हरले तर?"

"तर सोमवारी माझ्याबरोबर मुंबईला यायचं आणि ऑपरेशन करून घ्यायचं."

"आणि तू हरलास तर?"

"तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

"तू नाही आणि तुझा बापही नाही."

वडिलांच्या वतीने मी शब्द देऊन टाकला. त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"आणि बरोबरी झाली तर?" मी विचारलं.

"तर मी जिंकले. दुखणं माझं आहे."

शशीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तेव्हा तिला त्रेसष्ट वर्षं पूर्ण झालेली. मूलबाळ नाही. गोष्ट चौऱ्याण्णव सालची. त्या उन्हाळ्यात ती मासळीबाजारात बोंबलांची घासाघीस करता करता खाली कोसळली. कोळणीने तिच्या तोंडावर बर्फाचं पाणी मारलं, रिक्षात घातलं आणि घरी आणून सोडलं. बोंबीलही दिले. मुंबईच्या डॉक्टरांनी निदान केलं, हृदयाची एक झडप आवळत चालली आहे. ती बदलली तर शंभरातले पंच्याऐंशी बरे होतात. नाही बदलली तर वर्ष, फार तर दीड वर्ष.

आत्याने सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांना चहा विचारला (दवाखाना त्यांचा होता तरी) आणि पेणला परत आली.

तिचं नाही म्हणण्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं. आठ वर्षांपूर्वी आतोबांना, म्हणजे तिच्या यजमानांना, हृदयाच्याच ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं होतं. ते चालत आत गेले आणि बाहेर आले नाहीत. त्याबद्दल ती कधीच बोलत नसे. ऑपरेशनचं नाव काढलं की एवढंच म्हणे, "एकदा हो म्हणून बघितलं. पुरे."

माझे वडील तिच्यापुढे रडले. डॉक्टरांनी कागदावर झडपेचं चित्र काढून पाठवलं. ते तिने फडताळात बरणीखाली घातलं. सगळे दमल्यावर मला पाठवण्यात आलं. मी ठाण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो आणि माझी पीएचडी पत्त्यांवर होती. नेमकं सांगायचं तर, पोकरमध्ये दोनच खेळाडू उरले की बाजी कधी लावावी आणि कधी सोडावी, यावर. आमच्या घराण्यात पत्त्यांपायी नापास झालेले तिघे होऊन गेले होते. पत्त्यांवर डॉक्टर झालेला मी पहिलाच. त्यामुळे घरात मला नको इतका मान होता. माझा प्रबंध जगात पाच जणांनी वाचला होता, त्यातल्या दोघांना वाचण्याचं मानधन मिळालं होतं.

खेळायची कल्पना आत्याचीच. "पत्त्यांत एवढा शिकलास ना," ती म्हणाली, "मग हरव मला. हरवलंस तर येते." मी ते गंभीरपणे घेतलं. तिचं आयुष्य वाचवायचं होतं आणि मला जे येत होतं ते नेमकं हेच होतं. दोन-चार डावांत नशीब बोलतं, म्हणून मी साठ डावांचा आग्रह धरला. नियमही मीच केले. तीन-तीन पानं वाटायची. दोघांनी आधी एकेक वाल टाकायचा. ज्याची पाळी असेल त्याने एक तर पॅक करायचं, म्हणजे डाव सोडून द्यायचा, किंवा आणखी दोन वाल लावून चाल करायची. मग समोरच्याने पॅक करायचं किंवा दोन वाल देऊन शो मागायचा, म्हणजे पानं उघडायची; ज्याची भारी त्याचे सगळे वाल. पुढचा डाव दुसऱ्याच्या पाळीचा. संपलं.

आता माझं शास्त्र सांगतो. फार नाही. चांगली पानं आली तेव्हाच चाल केली तर समोरचा ते ओळखतो आणि दर वेळी पॅक करतो. मग चांगल्या पानांचा काही उपयोग नाही. वाईट पानांवर सारखी चाल केली तर थापा पकडल्या जातात. या दोन्हींच्या मध्ये एक नेमकं प्रमाण असतं. आमच्या नियमांत ते असं निघत होतं: एक्का किंवा जोडी असली की नेहमी चाल करायची, नसली तर तीन वेळांपैकी एकदा थाप मारायची. पण कोणत्या वेळी? ते माणसाने मनाने ठरवलं की फसतो, कारण मनाला सवयी असतात. म्हणून मी ते काम घड्याळाकडे दिलं होतं. पानं वाईट आली की मी सेकंदकाटा बघायचो. वीसच्या आत असला तर थाप, नसला तर पॅक. मलाच आधी ठाऊक नसायचं की मी थाप मारणार आहे, मग समोरच्याला कुठून कळणार? या पद्धतीने खेळणाऱ्याला कुणीही लुबाडू शकत नाही, हे मी प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात सिद्ध केलेलं होतं.

पहिल्या दहा डावांतच सिद्धांताची प्रचिती आली. दोनदा घड्याळाने थाप मारायला सांगितलं, दोन्ही वेळा आत्याने निमूट पॅक केलं. दोनदा माझ्याकडे खरोखरच पानं होती, तेव्हा तिने शो मागितला आणि वाल घालवले. दहा डावांनंतर माझ्यापुढे सेहेचाळीस वाल होते, तिच्यापुढे चौतीस. मी प्रत्येक डावाची नोंद करत होतो: पानं, चाल, तिचं उत्तर, आणि घड्याळ बघितलं असेल तर सेकंद.

"सारखं लिहितोस काय?" तिने विचारलं.

"नोंद ठेवतो."

"कशाला? हरल्यावर वाचायला?"

मग ती उठली. उजेड डोळ्यांवर येतो म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. एवढ्याशा उठण्या-बसण्यानेही तिला धाप लागली. टेबलाची कड धरून ती थोडा वेळ नुसती बसून राहिली. तिचे ओठ निळसर दिसत होते. मी पत्ते पिसत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

पुढच्या दहा डावांत माझे वाल अडतीसवर आले. मी विचलित झालो नाही. असे चढउतार होणारच, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी फळ्यावर दाखवत आलो होतो. आत्याचा खेळ मात्र मला कळेना. माझ्या पाळीला ती अगदी सावध असायची आणि तिच्या स्वतःच्या पाळीला दुर्री, चौकी, सत्ती असल्या पानांवर बेधडक चाल करून वाल उधळायची. मी वहीत समासात लिहिलं: 'खेळात सुसंगती नाही.'

तिसावा डाव झाल्यावर तिने चहा केला. मी करतो म्हटलं तर म्हणाली, तुझा चहा पिण्यापेक्षा ऑपरेशन बरं. मग कप पुढे ठेवता ठेवता आपण होऊन बोलली.

"तुझे आतोबा पत्त्यांत भोळे होते. तीस वर्षं खेळले मी त्यांच्याशी. दर दिवाळीत थापा मारून जिंकायची. मी चाल केली की माझ्याकडे बघायचे, हसायचे आणि पानं ठेवून द्यायचे." तिने बशीत चहा ओतला. "त्यांना माझी थाप कळत होती की नाही, हे काही मला कधी कळलं नाही."

"विचारायचंस."

"असं विचारतात होय?"

आम्ही पुन्हा खेळायला लागलो. कधी मी दोन-चार वालांनी पुढे, कधी ती. विरजणाचं दूध ती जशी नुसतं बोट बुडवून नेमकं कोमट ठेवत असे, तसा तो खेळ बरोबरीच्या आसपास राहिला. तेव्हा मला तो योगायोग वाटला. साडेचारच्या सुमाराला एकोणसाठ डाव संपले. माझ्यापुढे एक्केचाळीस वाल होते, तिच्यापुढे एकोणचाळीस.

साठावा डाव माझ्या पाळीचा होता. तिने पानं वाटली. मी उचलून बघितली: इस्पिकची नव्वी, किलवरची पंजी, चौकटची दुर्री.

हिशोब साधा होता. पॅक केलं तर दोघांचे चाळीस-चाळीस होणार, आणि बरोबरी म्हणजे ती जिंकली. मग विषय कायमचा बंद, आणि वर्षभरात आत्याही. म्हणजे चाल करणं भागच होतं. घड्याळाला विचारण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण दुपारभराची सवय लागलेली, मी मनगट वळवून बघितलं. एकतीस. घड्याळाच्या मते पॅक. माझ्या प्रबंधाविरुद्ध मी आयुष्यात पहिल्यांदाच वागलो आणि दोन वाल पुढे सरकवले.

मी पेन उचलून वहीत नोंद केली.

आत्याने आपली पानं उचलली, बघितली आणि टेबलावर पालथी ठेवली. मग ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. मला वाटलं ती वाल मोजते आहे. भिंतीवरची पाल चुकचुकली. अकराव्या डावापासून तिने माझी एकही थाप सोडली नव्हती. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की तिने शो मागितला तर सगळं संपलं.

"पॅक," ती म्हणाली.

मी तिची पानं उलटायला हात पुढे केला, तर तिने ती पटकन कॅटमध्ये मिसळून टाकली.

"पॅक केलेली पानं बघायची नसतात," ती म्हणाली. "एवढंही शिकवलं नाही का तुम्हाला?" मग तिने टेबलावरचे सगळे वाल ओच्यात गोळा केले, वालांच्या डब्यातले आणखी दोन मुठी घातले आणि पातेल्यात भिजत टाकले. "परवा बिरडं करते. सोमवारी निघायचंय ना?"

वडिलांना मी फोनवर सांगितलं की आत्या तयार झाली. कशी, ते विचारू नका म्हटलं. मनात मात्र मी खूश होतो. चौथं प्रकरण चुकूनमाकून का होईना, एका माणसाच्या कामी आलं होतं. या खेळावर एक निबंध लिहायचा, असंही मी ठरवून टाकलं.

गुरुवारी सकाळी दहाला तिला ऑपरेशनला घेतलं. बांगड्या, कुड्या, मंगळसूत्र काढून तिने रुमालात बांधून माझ्याकडे दिलं. आतोबा गेल्यावरही मंगळसूत्र तिने उतरवलं नव्हतं. बायका काय म्हणतील ते म्हणोत, म्हणायची. हिरव्या झग्यात ती एकदम लहान दिसत होती. वॉर्डबॉयने स्ट्रेचर दारापाशी आणलं तेव्हा तिने त्याला हाताने थांबवलं.

"घड्याळ बघ," ती मला म्हणाली.

"का?"

"बघ तर. किती सेकंद?"

माझ्या घड्याळाची भानगड मी तिला कधी सांगितली नव्हती. पण त्या क्षणी ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी बघितलं. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस म्हणजे पॅक.

"चौदा," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "बरं," म्हणाली आणि वॉर्डबॉयला चल अशी खूण केली. दार बंद झालं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं आणि नीट झालं. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, हे आधीच सांगून टाकतो. मला सांगायचं आहे ते वेगळं आहे.

त्या साडेचार तासांत करायला काही नव्हतं. वडील जप करत होते. पिशवीत माझी वही होती, निबंधाचा विचार करायला म्हणून आणलेली. मी ती उघडली. माझ्या पाळीचे तीस डाव एका पानावर उतरवून काढले आणि बघत बसलो. सुरुवातीला काही दिसलं नाही. मग सेकंदांचा रकाना दिसला.

तीसपैकी अठरा ओळींत सेकंद लिहिलेले होते आणि बारा ओळींत नव्हते. ज्या बारा ओळींत नव्हते, त्यांत माझ्याकडे एक्का किंवा जोडी होती. साहजिकच होतं. चांगल्या पानांवर चाल करायचीच असते, मग घड्याळ बघायचं कशाला? मी फक्त वाईट पानं आल्यावर घड्याळ बघत होतो. दुपारभर, अठरा वेळा, वाईट पानं आली रे आली की मी मनगट वळवून तसं जाहीर करत होतो. चौथ्या प्रकरणातल्या सिद्धतेत घड्याळ होतं, पण ते बघणारा माणूस मी धरलाच नव्हता. पाच वाचकांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. आत्याच्या दहा डावांत आलं होतं.

अकराव्यापासून एकोणसाठाव्या डावापर्यंत मी घड्याळ बघून चार थापा मारल्या होत्या, आणि चारही वेळा तिने शो मागितला होता. न बघता चाल केली की ती पॅक करत होती. एकदाही चुकली नव्हती. माझ्या पाळीला मिळवलेलं ती स्वतःच्या पाळीला दुर्री-चौकीवर परत उधळत होती. तिला हवं तेव्हा ती मला संपवू शकली असती. पण तिने दुपारभर कुणालाच जिंकू दिलं नाही. तिचं ठरत नव्हतं. आणि साठाव्या डावात मी घड्याळ बघितलं, थाप मारली, आणि सगळं दिसत असताना तिने पानं ठेवून दिली.

मी वही मिटली. नंतर एकदम दारातला प्रसंग आठवला आणि माझे कान गरम झाले. घड्याळाकडे बघून मी तिला चौदा म्हणालो होतो.

चौथ्या दिवशी तिच्या घशातली नळी काढली. पाचव्या दिवशी मला आत सोडलं. ती उशीला टेकून बसली होती. केस विस्कटलेले, ओठ मात्र लाल. मी स्टुलावर बसलो. तिने बसलेल्या आवाजात पहिली चौकशी केली ती हीच.

"किती होते?"

"काय?"

"सेकंद. चौदा नव्हते."

"सत्तेचाळीस," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मी वहीचं काढणार होतो, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून राहवलं नाही. "ठाऊक होतं तर आत का गेलीस?"

नर्स येऊन बाटली बदलून गेली. मग आत्या छताकडे बघत बोलली. दम घेत, थांबत.

"ह्यांच्या वेळी डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, निम्मे वाचतात, निम्मे नाही. हे जायला तयार नव्हते. दारात मला विचारलं, काय म्हणतात डॉक्टर? मी म्हटलं, शंभरातले नव्वद." ती थांबली. "माझ्याकडे बघितलं, हसले आणि गेले. आठ वर्षं मला झोप नाही रे. वाटायचं, मी थाप मारून पाठवलं त्यांना. त्यांना खरं माहीत असतं तर गेले नसते."

मी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"परवा तू चौदा म्हणालास. थाप आहे ते मला दिसलं. पण तू मारलीस म्हणून इतकं बरं वाटलं मला. भीतीच गेली. म्हटलं, चला." तिच्या डोळ्यांतून पाणी निघून कानाकडे वाहत होतं. ते तिने पुसलं नाही, मी पुसलं. "म्हणजे त्यांनाही दिसलं असणार. नाही का?"

"दिसलं असणार," मी म्हणालो. या वेळी मी कुठेही बघितलं नाही.

तिने सुया टोचलेला हात सरकवत आणला, माझं मनगट घड्याळासकट धरलं आणि डोळे मिटले. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नर्स मला उठवायला आली, पण आत्याला झोप लागलेली बघून काही न बोलता परत गेली.